चाळीस सकाळी

मोहोळ मागे पडलं आणि गाडीनं सत्तरचा वेग धरला की आप्पा वही उघडतात. जानेवारीतली सकाळ, सात वाजायला आलेले, नुकतं उजाडतंय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीची कणसं भरत आलेली आणि त्यांच्यावर धुकं अंथरलेलं. आप्पांच्या मांडीवर लांबोडी हिशेबाची वही, हातात पेन्सिल. पेनानं ते नोंद करत नाहीत, कारण शेतात दवानं शाई फुटते. नोकरीतली सवय, ती राहिलीच. डॅशबोर्डवर मोबाईल अडकवलेला आहे आणि त्याच्या पडद्यावर चार आकडे हलताहेत: इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डमधला दाब, थ्रॉटल किती उघडलंय, आणि ठिणगी किती अंश आधी पडतेय. दर दोन किलोमीटरला आप्पा ते वाचतात, पुटपुटतात, लिहितात. मग मान वर करून बाहेरच्या ज्वारीकडे बघतात आणि शेवटच्या रकान्यात एखादा शब्द टाकतात. 'शांत.' नाहीतर 'पानं हलती.' तो वाऱ्याचा रकाना.

बॉनेटखाली एक अ‍ॅल्युमिनियमचा लवचिक पाइप आहे, स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तसला. त्याचं एक तोंड एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पत्र्याजवळ आणि दुसरं एअर फिल्टरच्या पेटीला. ज्युबिली क्लिप सैल केली की तो निघतो आणि गाडी पुन्हा कंपनीनं दिलेल्या वाटेनं, पुढच्या जाळीतून, बाहेरची गार हवा घेऊ लागते. पाइप लावायचा, पाइप काढायचा, आणि अ‍ॅव्हरेजमध्ये काय फरक पडतो ते बघायचं. सगळा प्रयोग एवढाच.

प्रश्न उगवला तो साध्या नोंदींमधून. पेट्रोल भरलं की किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवायची मला पहिल्यापासून सवय. चार-पाच वर्षांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या तेव्हा दिसलं की डिसेंबर-जानेवारीत गाडी जे अ‍ॅव्हरेज देते त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये, एसी लावायच्या आधीच्या दिवसांत, ती दरवर्षी जास्त देते. मी हे आमच्या मेकॅनिकला सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"उलटं सांगताय मॅडम. गार हवा मिळाली की इंजन कसं खुलतंय बघा. तापलेली हवा पाजल्यावर गाडी दम टाकणारच की ओ!"

तो तीस वर्षं इंजिनं उघडतो आहे. त्याच्या बोटांना जे कळतं ते मला पुस्तकातून कळणार नाही, हे मी मनापासून मानते. पण माझी वहीही खोटी नव्हती.

त्याचं म्हणणं कुठून येतं ते समजून घ्यावं लागेल. हवा तापली की विरळ होते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा १५ अंशांना सुमारे १.२२ किलो भरते आणि ४० अंशांना १.१३ किलो. इंजिन हवा मोजतं ती तिच्या वजनानं. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात सांगायचं तर एका लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळपास नऊ हजार लिटर हवा ओढतं. पाण्याच्या टँकरएवढी हवा, एका बाटलीभर इंधनामागे! अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना सिलिंडरमध्ये जेवढी जास्त हवा कोंबता येईल तेवढं जास्त पेट्रोल जाळता येतं आणि तेवढा जोर मिळतो. गार हवा दाट, म्हणून ताकद जास्त. टर्बोच्या गाड्यांना इंटरकूलर देतात तोही याचसाठी. मेकॅनिक खरं बोलत होता. फक्त तो पिकअपबद्दल बोलत होता.

मी मात्र सत्तरच्या वेगानं, सपाट रस्त्यावर, एकटीनं पुढे जाणाऱ्या गाडीबद्दल विचारत होते. अशा वेळी इंजिनाकडून आपण त्याच्या ताकदीचा छोटासा वाटा मागत असतो. डिझेलच्या इंजिनात जोर कमी हवा असेल तर डिझेल कमी फवारतात, हवा मोकळी येते. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण राखावं लागतं, म्हणून हवेचीच वाट अडवतात. थ्रॉटल म्हणजे नळीतली एक गोल चकती. ती तिरकी होते तेवढ्या फटीतून हवा आत येते. पिस्टन खाली जाताना अर्धवट बंद दारातून श्वास ओढत असतो. नाकपुडी चिमटीत धरून चालून बघा, म्हणजे कळेल. हा श्वास ओढण्यात खर्च होणारी मेहनत चाकांपर्यंत कधीच पोचत नाही.

आता हवा ऊन असेल तर? ती विरळ आहे, म्हणून तेवढंच वजन आत घ्यायला चकती जरा जास्त उघडावी लागते. दार जास्त उघडं, म्हणून मॅनिफोल्डमधला दाब जास्त, ओढ कमी, वाया जाणारी मेहनत कमी. शिवाय ऊन हवेत पेट्रोलची वाफ चांगली होते. म्हणजे ज्या विरळपणामुळे घाटात गाडी दम टाकते त्याच विरळपणामुळे माळावर तिचं थोडं वाचायला हवं. दुसऱ्या बाजूनं ऊन हवा अति झाली की पेट्रोल अवेळी पेटू पाहतं, इंजिन टकटक करतं, आणि ते ऐकून कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकू लागतो. त्यात तोटा होतो. मिळकत आणि तोटा यांच्यात कुणाचं पारडं जड, हे कागदावर ठरत नाही.

ऊन हवा देणं हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. कार्बोरेटरच्या काळात थंड देशांतल्या गाड्यांना हीच सोय असायची. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी गाड्यांच्या एअर क्लीनरला एक झडप असे. इंजिन गार असताना ती एक्झॉस्टभोवतीची तापलेली हवा आत घेई आणि इंजिन तापलं की बाहेरची वाट उघडी करी. छोट्या विमानांत तर 'कार्ब हीट'ची कळ आजही वैमानिकाच्या हाताशी असते. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं, आणि दमट हवा असेल तर बाहेर वीस अंश असतानाही कार्बोरेटरच्या घशात बर्फ धरतो. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि ही झडप विस्मरणात गेली.

इंजिन आत शिरणारी हवा कशानं जोखतं ते बघावं म्हणून मी तापमानाचा सेन्सर काढून घरी आणला. प्लास्टिकच्या लहानशा पिंजऱ्यात एक मणी असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. आप्पांनी तो तळहातावर घेऊन चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "एवढ्यावर चालतं?" आम्ही त्याला दोन तारा जोडून मल्टिमीटर लावला. मणी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आधी बर्फाच्या पाण्यात धरला: रोध सहा हजार ओहमच्या आसपास. मग स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी, मग चहाचं आधण. आकडा भराभरा उतरत गेला आणि ऐंशी अंशांना तीनशेवर आला. तापलं की या मण्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो. तो किती कमी झाला यावरून गाडीचा कॉम्प्युटर तापमान ओळखतो आणि एका अंकात लिहून ठेवतो. त्या अंकातून चाळीस वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. चाळीस यासाठी की उणे चाळीस अंशांची थंडीही ऋण चिन्हाशिवाय लिहिता यावी. आप्पांना हे फार आवडलं. दोन दिवस ते घरात येईल त्याला सांगत होते.

पहिल्या दिवशी घाईच झाली. एक फेरी पाइप काढून, एक फेरी लावून. हवेचं तापमान २४ वरून ५५ वर गेलं, मॅनिफोल्डचा दाब ४२ किलोपास्कलवरून ४५ वर आला. मोबाईलच्या अ‍ॅपनं सांगितलं: पेट्रोल तीन टक्के कमी. मला झोप लागली नाही. तीन टक्के, तेही शंभरेक रुपयांच्या पाइपावर! सकाळी उठून मी आप्पांना वही दाखवली. त्यांनी आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "हे पेट्रोल कुणी मोजलं?"

"अ‍ॅपनं."

"त्याला कसं कळलं?"

हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. माझ्या गाडीत हवा मोजणारं वेगळं यंत्र नाही. अ‍ॅप दाब घेतं, इंजिनाचे फेरे घेतं, आणि त्याला हवेच्या तापमानानं भागून हवेचं वजन अंदाजतं. त्या वजनावरून पेट्रोल. म्हणजे जी गोष्ट मी बदलत होते तीच गोष्ट मोजमापाच्या सूत्रात बसलेली होती. शिवाय मणी आहे फिल्टरच्या पेटीनंतरच्या नळीत. तिथून सिलिंडरपर्यंत जाताना गार हवा गरम धातूला लागून बरीच तापते, ऊन हवा तेवढी तापत नाही. आत पोचेपर्यंत दोघींमधलं अंतर मण्याला वाटतं त्यापेक्षा कमी उरलेलं असतं. अ‍ॅपला ते माहीत नसतं. ते ऊन हवेला भलत्या मोठ्या आकड्यानं भागतं आणि पेट्रोल वाचल्याचं सांगतं. त्या तीन टक्क्यांपैकी किती खरे होते ते त्या यंत्राकडून कधीच कळलं नसतं. त्या दिवसापासून पेट्रोलचा आकडा आम्ही गाडीच्या स्वतःच्या मीटरवरून घेतो. तो इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून येतो, आणि त्या इंजेक्टरवर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरची नजर असते. त्याची सर्वांत बारीक पायरी लिटरमागे ०.१ किलोमीटर, म्हणजे अर्धा टक्का. हीही मर्यादाच, पण निदान ती कुठे आहे ते दिसतं.

आप्पांना हा प्रश्न लगेच का सुचला ते सांगायला हवं. ते मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रावर शेतमदतनीस म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ज्या मालदांडी ३५-१ ज्वारीवर अर्धा महाराष्ट्र भाकरी थापत आला, ती १९३० च्या दशकात याच मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेली. निवडून काढणं म्हणजे हजार ताटांमधून चांगलं दिसणारं ताट उपटून आणणं नाही, हे मला लहानपणी आप्पांनी बांधावर उभं करून दाखवलं होतं. एखाद्या वाफ्यात ज्वारी उंच, काळीभोर, डोळ्यांत भरेल अशी उभी असते. ते वाणामुळे, की तिथं माती अर्धा फूट खोल आहे म्हणून, की गेल्या साली तिथं उकिरडा होता म्हणून? म्हणून एकच वाण एका जागी पेरत नाहीत, चार जागी पेरतात. शेजारी नेहमीचा वाण ठेवतात, त्याला फार्मवर 'चेक' म्हणतात. आणि वाफ्याच्या कडेच्या ओळी कापणीत धरत नाहीत. कडेच्या ताटाला एका बाजूनं मोकळं ऊन मिळतं, मुळांना मोकळी जमीन मिळते, ते शेजाऱ्याशी झगडत नाही. ते फुकटचं भरतं. त्याचं वजन पोत्यात मिसळलं की वाण खोटा ठरतो. आप्पा आधी कडा काढून बाजूला टाकायचे, मग मधल्या ओळी कापायच्या आणि काट्यावर घ्यायच्या.

आमच्या प्रयोगातही कडेच्या ओळी निघाल्या. पाइप बदलायला गाडी पाच मिनिटं थांबवली की बॉनेटखालची उष्णता साचते आणि मणी साठ-पासष्ट दाखवू लागतो, पाइप असो वा नसो. गाडी चालू लागल्यावर ते उतरायला चार-पाच किलोमीटर जातात. टायर तापायला त्याहून जास्त. आप्पांनी ठरवलं की प्रत्येक फेरीचे पहिले पाच किलोमीटर टाकून द्यायचे. वहीत त्यांनी तिथं 'बॉर्डर' असं लिहिलं आणि आडवी रेघ मारली.

केंद्रावरच्या कपाटात पानसे-सुखात्म्यांचं शेतीसंशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक होतं, १९५४ साली निघालेलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पुढे ते जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले. आप्पांचं इंग्रजी बेताचं, पण त्यातल्या आकृत्या त्यांना पाठ होत्या: वाफे कसे मांडायचे, चिठ्ठ्या टाकून वाण कसे वाटायचे. मी पुढे संख्याशास्त्र शिकले आणि कॉलेजात शिकवू लागले, त्याचं मूळ त्या आकृत्यांतच आहे.

या शास्त्राचा उगमही शेतातच झालेला. डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट हा रसायनतज्ज्ञ बिअरसाठीच्या बार्लीवर काम करायचा. चार-सहा नमुन्यांवरून किती बोलावं आणि कुठे गप्प बसावं, हा त्याचा रोजचा पेच. १९०८ साली त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं तो सोडवला. पुढे संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशरशी त्याची मैत्री झाली आणि वादही. गॉसेटचं म्हणणं, दोन वाणांच्या पट्ट्या एक-दोन-दोन-एक अशा आरशासारख्या मांडा. जमीन एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू सकस होत गेली असेल तर तो उतार आपोआप वजा होतो. फिशरचं म्हणणं, माणसानं ठरवलेल्या कुठल्याही मांडणीत जमिनीचा एखादा छुपा उतार बरोबर बसू शकतो, म्हणून चिठ्ठीच टाका. १९३७ साली गॉसेट गेला तोवर हा वाद मिटला नव्हता. मी वर्गात फिशर शिकवते, पण पाच-सहा फेऱ्यांचाच जीव असलेल्या प्रयोगात मला गॉसेट जवळचा वाटतो. त्याला मोजक्या बियाण्यातून उत्तर काढायचं होतं.

आम्ही दोघांचंही ऐकलं. सकाळी चार फेऱ्या, मोहोळ ते मोडनिंबच्या अलीकडे आणि परत. पहिल्या फेरीपासून चौथीपर्यंत बाहेरची हवा पंधरा अंशांवरून बावीस-तेवीसवर चढते, टायर तापतात, वाहतूक वाढते. गार-ऊन-ऊन-गार अशी मांडणी केली की हा चढ दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. आणि सुरुवात गारनं करायची की ऊननं, हे आप्पा नाणं उडवून ठरवतात. नाणं त्यांच्या बंडीच्या खिशात असतं आणि ते उडवताना त्यांचा चेहरा गंभीर असतो.

वाऱ्याचा हिशेब मी आप्पांना कागदावर करून दाखवला. सत्तरनं जाताना समोरून दहाचा वारा आला तर हवेला गाडी ऐंशीची वाटते, परतताना साठची. रोध वेगाच्या वर्गात वाढतो. आठाचा वर्ग चौसष्ट, सहाचा छत्तीस, दोहोंची सरासरी पन्नास. वारा नसता तर साताचा वर्ग एकोणपन्नास. म्हणजे जाऊन-येऊन वारा फिटत नाही, नुसती पानं हलवणारा वारासुद्धा हवेच्या रोधात दोन टक्के मागे ठेवून जातो. मला शोधायचा होता तो फरक याहून लहान असण्याचीच शक्यता. ते ऐकल्यावर आप्पांनी वाऱ्याचा रकाना वाढवला. 'पानं हलती' ची नोंद तीनदा झाली की ती सकाळ रद्द.

बाकीच्या वैऱ्यांबद्दल थोडक्यात. जानेवारी म्हणजे गाळप हंगाम, उसाच्या ट्रॉल्या डाव्या लेनमध्ये, आणि त्यांच्या मागे अडकलं की फेरी वाया. त्याच उसापासूनही बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच उष्णता. मिश्रण जरा इकडेतिकडे झालं तरी अ‍ॅव्हरेज हलतं, म्हणून एका सकाळच्या चारही फेऱ्या एकाच टाकीवर. कंपनीच्या कागदावरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा मिळतो तो रस्त्यावर मिळतच नाही. गाडी रोलरवर चढवतात, ताशी ९० च्या वर न जाणारं ठरलेलं चक्र चालवतात, खोलीचं तापमान २० ते ३० अंशांत राखतात. तिथं वारा नाही, ट्रॉली नाही. त्या खोलीचा मला हेवा वाटतो, हे मी मान्य करते.

एक दुपार मात्र आम्ही मुद्दाम एप्रिलमध्ये केली. बाहेर चाळीस, पाइप लावल्यावर मणी सत्तरच्या पुढे. सपाटीवर काही वाटलं नाही. पण उड्डाणपुलाच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि पडद्यावरचा ठिणगीचा आकडा सात-आठ अंशांनी मागे सरकला. गाडी जड झाली, पायाला कळेल इतकी. हेच मेकॅनिकचं 'दम टाकणं'. संध्याकाळी मी त्याच्याकडे जाऊन तसं सांगितलं. तो हसला नाही, जिंकल्यासारखंही बोलला नाही. पाइपाची क्लिप तपासली आणि म्हणाला, "उन्हाळ्यात काढून ठेवा मॅडम. वायरिंगला लागंल."

हिवाळ्यातल्या आठ सकाळी पुऱ्या झाल्यावर आम्ही हिशेबाला बसलो. आप्पा आकडे सांगत होते, मी वजाबाक्या करत होते. मॅनिफोल्डचा दाब आठही सकाळी, प्रत्येक ऊन फेरीत वाढलेला. एकदाही चुकला नाही. थ्रॉटल प्रत्येक वेळी जास्त उघडलेलं. म्हणजे कारण डोळ्यांसमोर होतं, इंजिन खरोखर मोकळा श्वास घेत होतं. आणि पेट्रोल? आठांपैकी पाच सकाळी ऊन हवा पुढे, तीन सकाळी गार. नाणं आठ वेळा उडवलं तर पाच किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता शंभरात छत्तीस असते. सरासरी काढली तर ऊन हवेच्या बाजूनं ०.८ टक्के, पण एकेका सकाळचा फरक त्या सरासरीपासून अडीच टक्क्यांनी सहज इकडेतिकडे.

आणि माझ्या त्या जुन्या वहीतला हिवाळा-उन्हाळ्याचा फरक? तो बहुतेक बाहेरच्या हवेचा होता. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा चाळीस अंशांची हवा आठ टक्के हलकी असते आणि गाडीला तीच रोज कापावी लागते. टायर उन्हाळ्यात मऊ फिरतात, तेल लवकर पातळ होतं. इंजिनाच्या आतली हवा आणि गाडीच्या भोवतीची हवा मी इतकी वर्षं एकच धरली होती. पाइपानं निदान त्या दोघी वेगळ्या केल्या.

मला वाईट वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. इतक्या पहाटे उठून, दर सकाळी सहा लिटर पेट्रोल जाळून, हाती 'सांगता येत नाही' एवढंच. दाब वाढतो, थ्रॉटल उघडतं, मग पेट्रोल का वाचू नये? आप्पा म्हणाले, "युरिया टाकला की ज्वारी काळीभोर दिसते. चार दिवसांत फरक दिसतो, आंधळ्यालाही दिसावा असा. पण कधी कधी कापणीला वजन तेवढंच. ताट वाढलं, दाणा नाही वाढला. आम्ही ते दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचो. दिसलं ते एका ठिकाणी, काट्यावर आलं ते दुसऱ्या."

"मग काट्यावर काहीच आलं नाही असं लिहू?"

"आठ वाफ्यांत आलं नाही, असं लिही."

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं की किती वाफ्यांत येईल. मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. अडीचची दुप्पट पाच. पाचाला ०.८ नं भागलं, सव्वासहा. सव्वासहाचा वर्ग एकोणचाळीस आणि वर किंचित. फरक खरोखरच तेवढा असेल तर चाळीस सकाळी लागतील, तेव्हा कुठे तो वाऱ्यातून आणि ट्रॉल्यांतून वर डोकं काढेल. एका हिवाळ्यात ट्रॉल्या, धुकं आणि माझ्या कॉलेजच्या परीक्षा सांभाळून आठच जमतात. म्हणजे पाच हिवाळे, त्यातला एक झाला.

आप्पांना या संक्रांतीला त्र्याऐंशी पुरी झाली. मी तो कागद उलटा ठेवला आणि चहा करायला आत गेले.

परत आले तर ते वही पुढ्यात घेऊन बसले होते. आठव्या नोंदीखाली लाकडी पट्टी धरून एकेक ओळ आखत होते, सावकाश, पेन्सिल मध्येच फिरवून टोक सारखं करत. पान संपलं, त्यांनी उलटलं. डाव्या कडेला आकडे घातले: नऊ, दहा, अकरा. दुसरं पान, तिसरं. चहा गार झाला. चाळीसपर्यंत ओळी गेल्यावर त्यांनी पहिल्या पानावरून रकान्यांची नावं एकेक करून प्रत्येक पानावर पुन्हा लिहिली: तारीख, नाणं, बॉर्डर, तापमान, दाब, थ्रॉटल, ठिणगी, अ‍ॅव्हरेज. शेवटचा रकाना इतरांपेक्षा बोटभर रुंद ठेवला होता. त्यात लिहिलं, वारा.